रविवारच्या उपासनेला पहिल्यांदाच जाणार आहे. कुठे बसायचं, काय करायचं, काय टाळायचं?

नवखी_पाहुणी
बुधवार, रात्री ९.४०

माझ्यासोबत आठ वर्षं काम करणाऱ्या मैत्रिणीच्या तान्ह्या मुलीचा या रविवारी बाप्तिस्मा आहे. वेगळा समारंभ नाही, नेहमीच्या रविवारच्या उपासनेतच तो होणार आहे. तिने आम्हा तिघांना, म्हणजे मला, नवऱ्याला आणि आमच्या पाच वर्षांच्या मुलाला, फार आग्रहाने बोलावलंय. आम्ही ख्रिस्ती नाही. चर्चमध्ये गेलोय ते रिकाम्या, प्रवासात, इमारत बघायला म्हणून. माणसांनी भरलेल्या चर्चमध्ये, प्रार्थना चालू असताना, कधीच नाही.

जायचं नक्की आहे. पण जसजसा रविवार जवळ येतोय तसतशी धाकधूक वाढतेय. मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणते, ‘तू फक्त ये गं.’ तिच्यासाठी ते सगळं जन्मापासूनचं आहे, त्यामुळे मला नेमकं काय माहीत नाही हेच तिच्या लक्षात येत नाही.

सगळे उठले की उठायचं का? गुडघे टेकायचे का? प्रसादासारखं काहीतरी देतात म्हणे, ते नाही घेतलं तर वाईट दिसेल का, आणि घेतलं तर चुकेल का? पैसे किती टाकायचे? नवीन माणसाला पुढे बोलावून ओळख करून देतात का? आणि एक मनातली भीती सांगते. मी माझ्या देवाला मानणारी बाई आहे. तिथे त्यांच्याबरोबर प्रार्थनेचे शब्द म्हटले तर माझ्या श्रद्धेशी खोटं वागल्यासारखं होईल, आणि गप्प राहिले तर त्यांच्या श्रद्धेचा अपमान केल्यासारखं. यातून वाट कशी काढायची?

चर्च नेमकं कुठल्या पंथाचं आहे हे अजून विचारलेलं नाही. त्याने फरक पडतो का?


दाराजवळचा_बाक
बुधवार, रात्री ११.१५

ताई, मी एका चर्चच्या दाराशी स्वागताला उभा राहतो, त्याला एकोणीस वर्षं झाली. पहिल्यांदा आलेला माणूस मला लांबूनच कळतो. दार उघडं असतं, पण आत शिरावं की नाही या विचारात तो बाहेरच्या फलकावरची एकच सूचना दोनदा वाचत असतो. त्याच्याकडे आपण होऊन जायचं, हे माझं काम. मला ते मनापासून आवडतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तोच खरा प्रश्न आहे. जे तुमच्या मनात नाही ते तोंडाने म्हणू नका. शांत उभं राहा. त्यात आमचा अपमान नाही, उलट मान आहे. उपासनेत एका टप्प्यावर सगळे मिळून मतांगीकार म्हणतात, म्हणजे ‘मी अमुक मानतो, तमुक मानतो’ अशी आमच्या विश्वासाची कबुली. ती नुसती शब्दांची रांग म्हणून कुणी आमच्याबरोबर म्हटली, तर त्या शब्दांचं वजनच जातं. न मानणारा माणूस त्या वेळी गप्प उभा राहिला, तर त्याने ते शब्द गांभीर्याने घेतले असं मी समजतो. गाणी आवडली तर गुणगुणा, नाही तर ऐका. कुणीही तुमच्या ओठांकडे पाहत नसतं.

पंथाने फरक पडतो, खूप पडतो, म्हणून उद्याच विचारून घ्या. माझी आई कॅथलिक, वडील प्रोटेस्टंट. लहानपणी एक रविवार इकडे, एक तिकडे असं चालायचं. सात-आठ वर्षांचा असताना आईबरोबर मिस्साला, म्हणजे कॅथलिकांच्या उपासनेला, गेलो होतो. प्रभूने शिकवलेली प्रार्थना सगळे म्हणत होते. कॅथलिक मंडळी ती ‘वाइटापासून सोडव’ या अर्थाच्या ओळीवर थांबतात आणि पुढे धर्मगुरू एकटे बोलतात. वडिलांच्या चर्चमध्ये मात्र ‘कारण की राज्य, पराक्रम व गौरव’ ही ओळ लगेच जोडून म्हणायची सवय. सगळं चर्च शांत झालं आणि माझा एकट्याचा आवाज मोठ्याने पुढे गेला. मी रडवेला झालो. पुढच्या बाकावरच्या एका आजीबाईंनी मागे वळून माझ्या डोक्यावर हात ठेवला, बस. आज दाराशी उभा राहताना मला त्यांचा तो हात आठवतो.

आता व्यवहाराचं. दहा-पंधरा मिनिटं आधी पोहोचा. पहिल्या रांगेत बसू नका. त्या दिवशी ती बाप्तिस्म्याच्या कुटुंबासाठी राखलेली असेल, आणि तिथे बसलं की बघून करायला पुढे कुणी उरत नाही. अगदी शेवटचा बाकही नको, तिथून काही दिसत नाही. मागून चौथा-पाचवा बाक, मधल्या वाटेकडची बाजू. मूल कंटाळलं तर त्याला घेऊन पटकन बाहेर जाता येतं. मुलांच्या आवाजाची काळजी करू नका, त्या दिवशी तर नाहीच.

कपडे स्वच्छ, साधे, खांदे-गुडघे झाकणारे असले की झालं. पादत्राणं बहुतेक ठिकाणी घालूनच बसतात, दाराशी काढून ठेवलेली दिसली तर तुम्हीही काढा. मोबाइल बंद.

सगळे उठले की उठा, बसले की बसा. हा केवळ शिष्टाचार आहे, त्यात कसली कबुली नाही. गुडघे टेकणं मात्र भक्तीचं आहे. ते मनात नसेल तर बसून राहा, फक्त थोडं पुढे झुकून बसा, म्हणजे मागच्या माणसाला त्याचे हात टेकवायला जागा मिळते. बाकाखाली गुडघ्यांसाठी एक फळी असते, ती हळू खाली करा. नवीन माणसाच्या हातून ती धाडकन पडते आणि तो तासभर कानकोंडा होऊन बसतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

कॅथलिक चर्चमध्ये दाराशी पवित्र पाण्याचं भांडं असेल, लोक त्यात बोटं बुडवून क्रुसाची खूण करतात. पुढे एक सुरेख छोटी पेटी आणि तिच्याजवळ लाल दिवा दिसेल. लोक बाकात शिरण्याआधी त्या दिशेने उजवा गुडघा टेकतात. तुम्ही काहीच करायची गरज नाही.

उपासनेचा गाभा दोन भागांत असतो: आधी शब्द, मग भाकर. पहिल्या भागात बायबलमधली वाचनं. कॅथलिक चर्चमध्ये रविवारी बहुधा जुन्या करारातून एक, मग स्तोत्र, मग प्रेषितांच्या पत्रांतून एक आणि शेवटी शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाची हकीकत. शुभवर्तमानाला सगळे उभे राहतात आणि अंगठ्याने कपाळावर, ओठांवर व छातीवर छोटे क्रूस काढतात. ते वचन डोक्यात, तोंडात आणि हृदयात राहो, एवढाच त्याचा अर्थ. मग प्रवचन. त्यानंतर प्रार्थना, दान, आणि दुसरा भाग म्हणजे प्रभुभोजन.

हा क्रम आजकालचा नाही. साधारण इ.स. १५५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिन नावाच्या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने, पुढे तो हुतात्मा झाला, सम्राटाला उद्देशून आपल्या लोकांची बाजू मांडली. तेव्हा ख्रिस्ती लोक गुपचूप काय करतात याबद्दल भयंकर अफवा होत्या. त्याने साधेपणाने सांगितलं: रविवारी आम्ही एकत्र जमतो, वेळ असेल तितकं वाचन होतं, मग अध्यक्ष उपदेश करतो, सगळे उभे राहून प्रार्थना करतात, भाकर आणि द्राक्षारस आणला जातो, लोक ‘आमेन’ म्हणतात. न आलेल्यांना त्यांचा वाटा पोहोचवला जातो. ज्यांना शक्य आहे ते स्वखुशीने पैसे देतात आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परके यांना मदत होते. तुम्ही रविवारी जे पाहाल ते साधारण याच क्रमाने असेल. बाहेरच्या माणसाला आत काय चालतं हे समजावून सांगणं आमच्याकडे इतकं जुनं आहे.

दानाची थैली किंवा ताट समोर आलं तर पुढच्या माणसाकडे सरकवा. पाहुण्याने द्यावंच अशी अपेक्षा नसते. द्यावंसं वाटलं तर द्या, रक्कम कुणी पाहत नाही.

‘शांती असो’ म्हणून आजूबाजूचे लोक अचानक तुमच्याकडे वळतील. हात मिळवतील किंवा हात जोडतील. तुम्हीही तसंच करा. हा माझा सगळ्यात आवडता क्षण.

आणि भाकर, तुम्ही प्रसादासारखं म्हणालात ते. कॅथलिक चर्चमध्ये ती फक्त कॅथलिक लोकांसाठी असते, तेही तयारीने आलेल्यांसाठी. लोक रांगेने पुढे जातील, तुम्ही बाकात बसून राहा, गुडघे बाजूला करून इतरांना वाट द्या. तुमच्यासारखे बसलेले आणखीही काही दिसतील, त्यात ख्रिस्तीही असतील. अनेक ठिकाणी हातांची छातीवर फुली करून पुढे गेलं की धर्मगुरू नुसता आशीर्वाद देतात. तसं हवं असेल तर मैत्रिणीला आधी विचारा. प्रोटेस्टंट चर्चांत पद्धत वेगवेगळी. कुठे बाप्तिस्मा झालेल्या सर्वांना बोलावतात, काही मेथडिस्ट चर्चांत तर कुणालाही, आणि अनेक ठिकाणी प्रभुभोजन महिन्यातून एकदाच असतं. पाळक, म्हणजे तिथले धर्मगुरू, आधी सांगतात, ते ऐका.

पुढे बोलावून ओळख करून देणं जुन्या धाटणीच्या चर्चांमध्ये सहसा होत नाही. आणि अपघाताने कुणी ख्रिस्ती होत नाही. प्रौढ माणसाला कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा हवा असेल तर कित्येक महिने शिकवण घ्यावी लागते.

पंथ कळला की लिहा.


टाळ्यांचा_गजर
गुरुवार, सकाळी ७.०५

वरचं सगळं बरोबर, पण चर्च पेंटेकॉस्टल निघालं तर चित्र वेगळं असेल म्हणून लिहिते. मी अशाच मंडळीत वाढले.

आमच्याकडे वेदी, धूप, झगे काही दिसणार नाही. मोठी खोली, खुर्च्या, व्यासपीठ, ड्रम, गिटार, भिंतीवर गाण्यांचे शब्द. पहिली तीस-चाळीस मिनिटं नुसती गाणी. लोक हात वर करतात, डोळे मिटतात, रडतात. काहीजण अनोळखी भाषेत प्रार्थना करतील, सगळे एकदम आपापली प्रार्थना मोठ्याने म्हणतील. पहिल्यांदा ऐकणारा दचकतो. कुणाला काही झालेलं नसतं, ही आमची प्रार्थनेची रीत आहे. १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा रस्त्यावरच्या एका साध्या इमारतीत ज्या सभा सुरू झाल्या, त्यातून ही रीत जगभर पोहोचली. उपदेश लांब असतो, पाऊण तासही चालतो. बायबल सोबत असेल तर उघडून बघत ऐका.

आणि हो, आमच्याकडे ‘आज नवीन कोण आलंय?’ असं विचारतात बरेचदा. उभं राहायचं नसेल तर बसून राहा, किंवा दाराशीच सांगून ठेवा की आमचं नाव घेऊ नका. शेवटी ‘ज्यांना येशूचा स्वीकार करायचाय त्यांनी पुढे या’ असं आवाहन होतं. ते तुमच्यावर बंधन नाही. कुणी फारच आग्रह केला तर ‘आज मी मैत्रिणीसाठी आलेय’ एवढं पुरतं. माझी विनंती इतकीच की या आवाजाला घाबरून पळू नका. त्यात फार प्रेम असतं.

आमच्याकडे तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत, फक्त देवाला समर्पण करतात. म्हणजे तुमच्या मैत्रिणीचं चर्च बहुतेक आमच्यासारखं नाही.


उभ्याने_दोन_तास
गुरुवार, दुपारी १.३०

ऑर्थोडॉक्स चर्चबद्दल थोडंसं, कारण कुणी लिहिलं नाही. मी कुठल्याच चर्चची नाही, पण तीन वर्षांपूर्वी एका ग्रीक कुटुंबाच्या निमंत्रणावरून गेले आणि नंतर पुन्हा पुन्हा जात राहिले.

तिथे वेदीपुढे प्रतिमांची एक भिंतच असते. वाद्य सहसा नाही, सगळं गायन माणसांच्या कंठातून. दीड-दोन तास, बहुतेक वेळ उभ्याने. बसायला कडेला जागा असतात, बसलं तर कुणी काही म्हणत नाही. लोक मध्येच येतात, मेणबत्ती लावतात, प्रतिमेचं चुंबन घेतात. धूप इतका की पुढचं अंधुक दिसतं. क्रुसाची खूण उजव्या खांद्यावरून डाव्याकडे करतात, कॅथलिकांच्या उलट. बऱ्याच ठिकाणी बायका डोक्यावर रुमाल घेतात, म्हणून मी एक पिशवीत ठेवतेच.

मला पहिल्या दिवशी सगळ्यात भावलं ते शेवटी. प्रभुभोजन फक्त त्यांच्या लोकांसाठी होतं, मी मागे उभी राहिले. उपासना संपल्यावर मात्र सगळ्यांना आशीर्वादित भाकरीचा तुकडा वाटतात. तो प्रभुभोजनाचा भाग नसतो आणि पाहुण्यालाही देतात. एका मुलीने स्वतःच्या हातातला तुकडा मोडून अर्धा मला आणून दिला. मी तो उभ्या उभ्या खाल्ला आणि मला आपलं झाल्यासारखं वाटलं.


रांगेतून_परतलेला
गुरुवार, रात्री ८.२०

मी जरा वेगळं लिहितो. मला राग काढायचा नाही, पण हे सांगायलाच हवं.

चुलतभावाच्या लग्नाला एका चर्चमध्ये गेलो होतो. कुणी काहीच सांगितलं नाही. सगळे रांगेत निघाले, मीही निघालो. पुढे पोहोचलो तर धर्मगुरूंनी हळूच विचारलं, ‘तुम्ही कॅथलिक आहात का?’ मी नाही म्हटलं. त्यांनी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि मी रिकाम्या हाताने परत फिरलो. सगळे बघतायत असं वाटत होतं. आमच्या घरी दाराशी आलेल्याला प्रसाद नाकारणं हे अकल्पनीय. आज सहा वर्षं झाली तरी ते टोचतं. पाहुण्याला बोलवायचं आणि मग जेवणाच्या वेळी वेगळं बसवायचं, याला काय म्हणायचं?


दाराजवळचा_बाक
गुरुवार, रात्री १०.५०

दादा, तुमची जी चूक नव्हती तिचा सल तुम्ही सहा वर्षं बाळगलात याचं मला वाईट वाटतं. दोष तुम्हाला आधी न सांगणाऱ्यांचा होता, म्हणजे माझ्यासारख्या दाराशी उभ्या असणाऱ्यांचा. लग्नात आणि अंत्यविधीत निम्मे लोक बाहेरचे असतात. त्या वेळी आधी दोन वाक्यांत सांगणं हे आमचं कर्तव्यच आहे.

पण नाकारण्यामागचं कारण सांगू द्या. प्रसाद हा शब्द आपण सोयीसाठी वापरतो आणि तिथेच घोटाळा होतो. प्रसाद देवाकडून सर्वांना असतो. कॅथलिक माणसासाठी ती भाकर म्हणजे ख्रिस्ताचं शरीर. देताना धर्मगुरू ‘ख्रिस्ताचं शरीर’ म्हणतात आणि घेणारा ‘आमेन’ म्हणतो. आमेन म्हणजे ‘हो, हे खरं आहे’. ती एक शपथ आहे. तुमच्या हातावर ती भाकर ठेवणं म्हणजे तुमच्याकडून, तुम्हाला न विचारता, ती शपथ वदवून घेणं. न देण्यात तुमच्या मनाचा मान आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं. येशूचा प्रेषित पौल याने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर विश्वासणाऱ्यांनाही बजावलंय की माणसाने आधी स्वतःची परीक्षा करावी आणि मगच ही भाकर खावी.

बाप्तिस्मा झाला नसेल त्याने हे भोजन घेऊ नये, हा नियम ‘दिदाखे’ नावाच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या छोट्या पुस्तिकेतही आहे. पुढच्या शतकांत तर प्रवचन झालं की बाप्तिस्मा न झालेल्यांना बाहेर पाठवत. ऑर्थोडॉक्स उपासनेत आजही मतांगीकाराआधी ‘दारं! दारं!’ असा पुकारा होतो, तो त्या काळाचा अवशेष. आज कुणी बाहेर पाठवत नाही. आमचं सगळ्यात जवळचं, सगळ्यात नाजूक जे आहे, ते तुमच्या डोळ्यांसमोर होतं. पाहुण्याला तिथवर येऊ देणं ही मला मोठी गोष्ट वाटते.

तरी पाहुण्याचं मन दुखलं असेल तर आमचंच चुकलं. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेला आणि मळके कपडे घातलेला असे दोघं सभेत येतात, आणि एकाला चांगली जागा, दुसऱ्याला ‘तू उभा राहा’ असं होतं. त्यावर लेखक फार कडक बोलतो. मी तो अध्याय अनेक रविवारी घरून निघण्याआधी वाचतो.


नवखी_पाहुणी
शुक्रवार, सकाळी ६.५५

विचारलं. कॅथलिक आहे. सकाळची साडेआठची मिस्सा.

काका, तुमचं रात्रीचं उत्तर नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. आता भीती कमी आणि उत्सुकता जास्त आहे. बाप्तिस्म्यात नेमकं काय होईल ते सांगाल का? आणि मुलाला काय दाखवू, म्हणजे तो तासभर टिकेल?


दाराजवळचा_बाक
शुक्रवार, दुपारी २.१०

सुरुवातीलाच धर्मगुरू आई-वडिलांना विचारतील, बाळाचं नाव काय ठेवलंय? मग बाळाच्या कपाळावर क्रूस काढतील. आई-वडील आणि बाळाला श्रद्धेत वाढवायला साथ देणारे धर्ममाता-धर्मपिताही काढतात. वाचनं आणि प्रवचन झाल्यावर मुख्य विधी. आई-वडिलांना प्रश्न विचारले जातील: सैतानाचा त्याग करता का? देवावर विश्वास ठेवता का? इतर लोकही उत्तर देतील, तुम्ही ऐका. मग बाळाच्या डोक्यावर तीनदा पाणी, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. बाळ बहुधा रडतं. नंतर डोक्यावर सुगंधी तेल, अंगावर पांढरं वस्त्र, आणि शेवटी मोठ्या मेणबत्तीवरून एक छोटी मेणबत्ती पेटवून ती कुटुंबाच्या हातात.

मुलासाठी हीच मोठी मेणबत्ती. ती दरवर्षी ईस्टरच्या रात्री नवी पेटवतात आणि तिच्यावर त्या वर्षाचे चार आकडे असतात. त्याला आकडे ओळखता येत असतील तर ते शोधायला सांगा. दुसरं, धर्मगुरूंच्या वस्त्राचा रंग. हिरवा म्हणजे वर्षातला साधा काळ, जांभळा म्हणजे नाताळ किंवा ईस्टरची तयारी, पांढरा म्हणजे सण, लाल म्हणजे हुतात्मे किंवा पवित्र आत्मा. तिसरं, तो लाल दिवा.

फोटो काढायचे तर जागेवरून, फ्लॅश न टाकता, आणि भाकरीच्या वेळी अजिबात नाही. संपल्यावर कुटुंब वेदीजवळ थांबेल, तेव्हा मनसोक्त काढा.


नवखी_पाहुणी
रविवार, दुपारी ३.४५

जाऊन आलो.

मागून पाचवा बाक मिळाला. दाराशी एक बाई उभ्या होत्या, त्यांनी गीतांचं पुस्तक उघडून पान दाखवून दिलं. फळी नवऱ्याने इतकी जपून खाली ठेवली की शेजारचे आजोबा त्याच्याकडे बघून हसले.

मतांगीकाराच्या वेळचे प्रश्न सुरू झाले तेव्हा मी गप्प उभी राहिले. तुम्ही म्हणाला होता तसंच झालं, कुणी पाहिलं नाही. पण गप्प राहूनही मी बाहेरची नव्हते. माझी मैत्रीण, जी रोज माझ्याशी कामाच्या कटकटी बोलते, तिला पहिल्यांदा मी अशा आवाजात बोलताना ऐकलं. ‘ठेवते’ एवढा एकच शब्द ती म्हणाली. मला माहीतच नव्हतं की तिच्यात हे इतकं आहे.

बाळ रडलं नाही. पाणी पडल्यावर तिने फक्त जीभ बाहेर काढली.

भाकरीच्या वेळी आम्ही तिघं बसून राहिलो. आमच्या बाकातल्या सगळ्यांना आमच्यावरून जावं लागलं. परत येताना ते आजोबा मुलाच्या डोक्यावर हात ठेवून गेले. शांतीच्या वेळी किती जणांनी हात जोडले ते मोजता आलं नाही. त्यात आम्हाला न ओळखणारी एक शाळकरी मुलगी मुद्दाम दोन बाक ओलांडून आली.

एक तास वीस मिनिटं झाली. मुलाने मेणबत्तीवरचे चारही आकडे वाचले. वस्त्र पांढरं होतं का हिरवं, यावर त्याचं बाबांशी भांडण झालं, हिरवं होतं. आणि घरी येईपर्यंत एकच प्रश्न: तो लाल दिवा रात्री सगळे घरी गेल्यावरही चालू असतो का? काका, त्याला काय सांगू?


दाराजवळचा_बाक
रविवार, दुपारी ४.२०

हो म्हणून सांगा. रात्रीही, कुणी नसतानाही. त्या पेटीत पवित्र भाकर ठेवलेली असते आणि ती तिथे आहे, ही त्या दिव्याची खूण. वर्षातून एकदाच तो विझवतात. पवित्र गुरुवारच्या संध्याकाळी पेटी रिकामी करतात, तिचं दार उघडं ठेवतात, आणि ईस्टरच्या रात्रीपर्यंत तिथे अंधार असतो. लहानपणी आई मला ती उघडी पेटी बघायला मुद्दाम जवळ घेऊन जायची.